काळाची चूक आणि स्पेलिंगची लाज

कामगार संघटनेच्या कचेरीत किंवा एखाद्या धरणग्रस्त समितीच्या बैठकीत इंग्रजीतून अर्ज लिहिण्याची वेळ आली, की एरवी सभा गाजवणारी माणसे एकाएकी गप्प होतात. कागद एकाकडून दुसऱ्याकडे सरकतो आणि शेवटी कोणा वकिलाच्या कारकुनाकडे किंवा इंग्रजी शाळेत शिकलेल्या एखाद्या पुतण्याकडे जाऊन थांबतो. प्रश्नाची सर्व माहिती ज्याला आहे त्याने गप्प बसायचे आणि ज्याला प्रश्न ठाऊक नाही त्याने तो मांडायचा, असा हा व्यवहार आहे. कारण विचारले तर ‘इंग्रजी कच्चे आहे’ एवढेच उत्तर मिळते. हे कच्चेपण नेमके कशात आहे, याची चौकशी मात्र सहसा कोणी करीत नाही. ती केली तर असे आढळते की या एका शब्दाखाली दोन अगदी वेगळ्या गोष्टी दडपल्या गेल्या आहेत. एक स्पेलिंग आणि दुसरी क्रियापदाचा काळ. पहिलीची लाज फार बाळगली जाते, पण तिच्यावाचून फारसे अडत नाही. दुसरीकडे कोणाचे लक्ष नसते आणि खरे नुकसान तिच्यापायीच होते.

इंग्रजी स्पेलिंगला तर्क नाही, ही तक्रार जुनी आहे व ती खरीही आहे. विल्यम कॅक्सटनने वेस्टमिन्स्टर येथे छापखाना घातला तो १४७६ साली. छापखान्यामुळे शब्दांचे लेखन हळूहळू स्थिर होऊ लागले आणि नेमक्या त्याच शतकांत इंग्रजीतील दीर्घ स्वरांचे उच्चार पालटत गेले. अक्षरे जुन्या जागी राहिली आणि उच्चार घर सोडून गेले. त्यात पंडितांनी आपली भर घातली. कर्जाला इंग्रजीत ‘डेट’ म्हणतात. या शब्दातला ‘बी’ इंग्रजांच्या तोंडात कधीच नव्हता. शब्द फ्रेंचातून ‘बी’वाचूनच आला होता, लॅटिन मुळाची आठवण राहावी म्हणून विद्वानांनी तो मागाहून बसवला. बेटाला ‘आयलंड’ म्हणतात, त्यातला ‘एस’ तर चुकीच्या व्युत्पत्तीमुळे शिरला. म्हणजे पंडितांनी केलेली चूक शुद्ध ठरली आणि ती न करणारा विद्यार्थी नापास झाला! खुद्द श्रमाला जो इंग्रजी शब्द आहे त्याचीही गंमत पाहण्यासारखी आहे. ब्रिटनचा मजूर पक्ष आपल्या नावातील ‘लेबर’ हा शब्द ‘यू’ घालून लिहितो, तर ऑस्ट्रेलियाचा मजूर पक्ष ‘यू’ गाळून. दोन्ही पक्षांनी सरकारे चालवली. एका ‘यू’मुळे कोणाचे काही बिघडले नाही.

या विषयावर सर्वांत मार्मिक बोलला तो भाषाशास्त्रज्ञ नव्हता, अर्थशास्त्रज्ञ होता. थॉर्स्टाइन व्हेब्लेनने १८९९ साली ‘द थिअरी ऑफ द लेझर क्लास’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. श्रीमंत वर्ग उपयोगासाठी खर्च करीत नाही, दिसण्यासाठी करतो, हे त्याचे प्रतिपादन सर्वश्रुत आहे. त्या ग्रंथाच्या अगदी अखेरीस तो इंग्रजी स्पेलिंगकडे वळतो, याचे स्मरण मात्र फार थोड्यांना असते. स्पेलिंग जुनाट आहे, अवघड आहे, कामाला निरुपयोगी आहे आणि ते शिकण्यात पुष्कळ वेळ व श्रम जातात, म्हणूनच ते प्रतिष्ठेची खूण झाले, असा त्याचा आशय आहे. ज्याला एवढा वेळ फुकट घालवणे परवडले, तो कोणत्या घरचा असेल हे वेगळे सांगावे लागत नाही. पुढे १९७३ साली मायकेल स्पेन्सने नोकरीच्या बाजारातील ‘संकेतां’चा सिद्धांत मांडला. एखादी पात्रता कामात उपयोगी पडत नसली तरी ती मिळवणे काहींना स्वस्त व काहींना महाग पडत असेल, तर मालक निवडीसाठी तिचा वापर करू शकतो. स्पेलिंग हे त्याचे चोख उदाहरण आहे. ज्या घरात इंग्रजी पुस्तके लोळत पडलेली असतात तेथील मुलाला ते जवळजवळ फुकट मिळते. खाणकामगाराच्या मुलीला त्याची किंमत रात्री जागून मोजावी लागते. बर्नार्ड शॉसारख्या समाजवाद्याने आपल्या मृत्युपत्रात नव्या इंग्रजी वर्णमालेसाठी पैसे ठेवले, ते उगीच नव्हे. त्या वर्णमालेत त्याचे एक नाटक १९६२ साली छापलेही गेले. इंग्रज समाजाने मात्र ती लिपी स्वीकारली नाही. ज्या वर्गाला स्पेलिंग येत होते त्याला ते सोपे करण्याची घाई असण्याचे कारणच नव्हते.

हा इंग्रजांचाच दोष आहे, असे समजून मराठी वाचकाने समाधान मानू नये. जोतीराव फुले यांची ‘गुलामगिरी’ १८७३ साली प्रसिद्ध झाली. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी पुढल्याच वर्षी सुरू केलेल्या ‘निबंधमाले’तून फुल्यांच्या भाषेची आणि व्याकरणाची यथेच्छ टवाळी केली. फुल्यांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तर देण्यापेक्षा त्यांच्या वाक्यरचनेवर बोट ठेवणे सोपे होते. पुढे मराठी साहित्य महामंडळाने केलेले लेखनाचे नियम १९६२ साली शासनाने मान्य केले आणि उच्चारात नसलेले अनुस्वार लेखनातून गेले. ‘नाहीं’ आणि ‘कांहीं’ यांवरची टिंबे न देणारा आदल्या दिवसापर्यंत अडाणी ठरत होता. दुसऱ्या दिवशी देणारा जुनाट ठरू लागला. मराठी भाषा तेवढीच समर्थ राहिली.

तेव्हा नेहमीच्या व्यवहारातील स्पेलिंगची लाज कार्यकर्त्याने टाकून द्यावी. याचा अर्थ स्पेलिंग शिकूच नये, असा नव्हे. रोजच्या पत्रव्यवहारात घोटाळा करणाऱ्या जोड्या थोड्याच आहेत. ‘गमावणे’ या अर्थाच्या ‘लूज’मध्ये एकच ‘ओ’ येतो, ‘सैल’ या अर्थाच्या ‘लूस’मध्ये दोन. ‘आम्ही पगार गमावला’ असे लिहिताना दोन ‘ओ’ पडले तर पगार सैल होतो, एवढेच. ‘पुढे गेला’ अशा अर्थाचे ‘पास्ड’ हे क्रियापद आणि ‘भूतकाळ’ अशा अर्थाचे ‘पास्ट’ यांचा उच्चार अगदी एक असल्याने खुद्द इंग्रजही तेथे अडखळतात. ‘लेड’चे प्रकरण मात्र जरा खोल आहे. ‘वाचणे’ या अर्थाच्या ‘रीड’चे भूतकाळी रूप ‘रेड’ होते आणि लेखन तेच राहते. त्याच चालीवर ‘नेतृत्व करणे’ या अर्थाच्या ‘लीड’चे ‘लेड’ करताना लोक जुनेच लेखन ठेवतात. पण तेथे ‘ए’ गाळावा लागतो. मोर्चाचे नेतृत्व कोणी केले हे सांगणाऱ्या वाक्यात ही चूक हमखास सापडते. ‘पूर्वी करीत असे’ या अर्थाच्या ‘यूज्ड टू’मधला ‘डी’ पुढच्या ‘टी’त बुडून जातो, म्हणून तो लिहायचा राहतो. या सगळ्या चुका कानाच्या आहेत. कानाने शिकलेल्या माणसाकडून त्या अधिक होतात. ‘शुड हॅव’ऐवजी ‘शुड ऑफ’ लिहिणारे बहुधा इंग्रज किंवा अमेरिकन असतात. पुस्तकातून इंग्रजी शिकलेला मराठी माणूस ती चूक सहसा करीत नाही. त्याच्या चुका निराळ्या आहेत व त्या त्याच्या स्वतःच्या भाषेतून आलेल्या आहेत.

येथून पुढे खरा विषय सुरू होतो. काळाची चूक म्हणजे अज्ञान, असे समजले जाते. वस्तुतः ते बहुतेक वेळा मराठीचे प्रामाणिक भाषांतर असते. ‘मी काल तहसील कचेरीत गेलो होतो’ हे वाक्य मराठीत निर्दोष आहे. जाऊन परत आलो, एवढेच त्यातून सांगायचे असते. त्याचे इंग्रजी ‘आय हॅड गॉन’ असे केले की इंग्रजी वाचणारा पुढच्या वाक्याची वाट पाहत राहतो. कारण इंग्रजीत ‘हॅड’ लावायचा तो भूतकाळातील दुसऱ्या एखाद्या घटनेच्याही आधी जे घडले त्याला. ‘पोलीस येण्यापूर्वी मोर्चा निघून गेला होता’ येथे ‘हॅड’ हवा. नुसते तहसील कचेरीत जाऊन येण्याला ‘वेंट’ पुरे. आंदोलनाच्या वृत्तांतात प्रत्येक क्रियापदाला ‘हॅड’ लागला, की कोणती घटना आधी घडली आणि कोणती नंतर, याचा पत्ता लागत नाही. लाठीमार आधी झाला की दगडफेक आधी झाली, हा जेथे वादाचा मुद्दा असतो तेथे ही गोष्ट क्षुल्लक राहत नाही.

‘केले आहे’ची गोष्ट अशीच आहे. ‘आम्ही १२ मार्चला निवेदन दिले आहे’ असे मराठीत सर्रास लिहिले जाते आणि त्यात काही वावगे नाही. इंग्रजीत मात्र ‘हॅव गिव्हन’ आले की तारीख चालत नाही. तारीख सांगायची तर ‘गेव्ह’. तारीख न सांगता ‘निवेदन तुमच्या हाती आहे’ असे सांगायचे तर ‘हॅव गिव्हन’. इंग्रजीचा हा काळ गेलेल्या क्षणाकडे पाहत नाही, त्या कृतीचा आजच्याशी असलेला संबंध पाहतो.

तिसरे उदाहरण सर्वांत महत्त्वाचे आहे. ‘मी दहा वर्षांपासून या गिरणीत काम करतो’ याचे भाषांतर ‘आय ॲम वर्किंग सिन्स टेन इयर्स’ असे होते आणि इंग्रजी शाळेतली मुले त्याला हसतात. हसण्याचे कारण नाही. जर्मन आणि फ्रेंच माणूसही आपल्या भाषेत येथे मराठीसारखा वर्तमानकाळच वापरतो. भूतकाळात सुरू झालेले आणि अजून चालू असलेले काम ‘हॅव बीन वर्किंग’ अशा जोडकाळात सांगण्याचा आग्रह इंग्रजीचा आहे. शिवाय मराठीचा ‘पासून’ क्षणालाही लागतो आणि मुदतीलाही; इंग्रजीत क्षणाला ‘सिन्स’ आणि मुदतीला ‘फॉर’ अशी वाटणी आहे. ‘सिन्स टेन इयर्स’ लिहिल्याने कोणाचे पोट मारले जात नाही, अर्थ कळतो. पण हसण्याच्या भीतीने कोणी तरी ते वाक्य ‘सुधारून’ ‘आय वर्क्ड फॉर टेन इयर्स’ किंवा ‘आय हॅड बीन वर्किंग’ असे करतो, तेव्हा घात होतो. दोन्ही वाक्ये व्याकरणशुद्ध आहेत, स्पेलिंगही बिनचूक असेल. पण दोन्हींत नोकरी संपल्याचा अर्थ निघतो. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने सलग सेवेसाठी वर्षाला २४० दिवसांची कसोटी घातली आणि त्या सलगतेवर कितीतरी बदली आणि हंगामी कामगारांचे हक्क लटकले. अशा ठिकाणी ‘मी काम करीत आलो आहे’ आणि ‘मी काम करीत होतो’ यांतील अंतर व्याकरणाच्या पुस्तकापुरते उरत नाही. विरुद्ध पक्षाच्या वकिलाला बोट ठेवायला तेवढी जागा पुरते.

‘ही डिड नॉट वेंट’ ही चूक मराठी शाळांच्या नावाने सर्वांत अधिक हिणवली जाते. ‘तो गेला नाही’ या वाक्यात भूतकाळ ‘गेला’वर आहे. इंग्रजीत नकार आला की भूतकाळ ‘डिड’वर सरकतो आणि मूळ क्रियापद उघडे पडते. इंग्रजी भूतकाळाचा कर एकदाच वसूल करते, मराठी विद्यार्थी प्रामाणिकपणे दोनदा भरतो. हे एवढे समजावून सांगितले की चूक जाते. छडीने किंवा हशाने ती जात नाही. दुसऱ्याचे बोलणे सांगताना होणारी चूक याहून घातक आहे. ‘साहेब म्हणाले की मी पैसे देतो’ या वाक्यातील ‘मी’ म्हणजे साहेब, हे मराठीत कोणालाही सांगावे लागत नाही. ‘द मॅनेजर सेड दॅट आय विल पे’ असे लिहिले की पैसे देण्याचे आश्वासन अर्जदाराच्या गळ्यात पडते. मराठी ‘की’ बोलणाऱ्याचे शब्द जसेच्या तसे ठेवते, इंग्रजी ‘दॅट’ ते ठेवू देत नाही. पुरुष बदलतो आणि बहुधा काळही बदलतो, ‘विल’चा ‘वुड’ होतो.

मराठीचा काळ तर्कशुद्ध आणि इंग्रजीचा विक्षिप्त, असे यातून कोणी समजू नये. हाक आली की मराठी माणूस जागचा न हलता ‘आलो, आलो’ म्हणतो. ‘पाऊस आला तर पेरणी करू’ या वाक्यात न आलेल्या पावसाला भूतकाळ लावला जातो. इंग्रजी तेथे वर्तमानकाळ लावते. दोन्ही भाषांनी भविष्यकाळ टाळलाच आहे. प्रत्येक भाषेने वेळेची विभागणी आपापल्या सोयीने केली आहे. शिकणाऱ्याला दोन्ही विभागण्या शेजारी शेजारी मांडून दाखवणे, हा शिकवण्याचा सरळ मार्ग होय. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर महाराष्ट्राच्या कित्येक पिढ्या इंग्रजी शिकल्या, त्या याच मार्गाने. ती पुस्तके आज जुनी वाटतील; पण मराठी वाक्य समोर ठेवून त्याचे इंग्रजी काय होते हे दाखवण्याची त्यांची रीत जुनी झालेली नाही. अलीकडे इंग्रजी शिकवताना मराठीचा शब्दही उच्चारू नये, या मताला फार प्रतिष्ठा आली आहे. ज्याच्या घरी इंग्रजी बोलले जाते त्याला हे मत सोयीचे आहे. ज्याच्या घरी बोलले जात नाही, त्याच्या हातातील एकुलते एक हत्यार ते काढून घेते.

चळवळीतही या प्रश्नाविषयी दोन भूमिका आढळतात आणि दोन्ही आळशी आहेत. पहिली म्हणते, इंग्रजी ही साहेबाची भाषा, ती मोडकी आली तर बिघडले कुठे? ही भूमिका घेणारे लोहियांचे नाव घेतात. ‘अंग्रेजी हटाओ’चा पुकारा करणारे राममनोहर लोहिया बर्लिनमध्ये डॉक्टर झाले होते आणि १९५६ साली ‘मॅनकाइंड’ हे इंग्रजी मासिक त्यांनीच सुरू केले. राज्यकारभारात, न्यायालयात आणि शिक्षणात मूठभरांची भाषा कोट्यवधींवर लादली जाते, याला त्यांचा विरोध होता. भाषा नीट न शिकण्याची सवलत त्यांनी कोणाला दिली नाही. दुसरी भूमिका बोलून दाखवली जात नाही, आचरली जाते. व्यासपीठावर मातृभाषेचा जयघोष करायचा आणि स्वतःच्या मुलांना गुपचूप इंग्रजी शाळेत घालायचे. महाराष्ट्रात २००० साली पहिलीपासून सर्व शाळांत इंग्रजी आले ते गरिबांची मुले मागे राहू नयेत म्हणून, असे सांगण्यात आले. हेतूविषयी शंका घेण्याचे कारण नाही. पण ज्यांच्यासाठी हे केले त्यांना नंतर ‘डिड नॉट वेंट’वरून हसायचे, हा व्यवहार त्याच सुशिक्षितांनी चालू ठेवला.

जेथे मराठीतून अर्ज करता येतो तेथे तो मराठीतूनच करावा. राज्याचा राजभाषा अधिनियम १९६४ चा आहे आणि तालुक्याच्या कचेरीत इंग्रजी अर्ज नेणे म्हणजे मिळालेला हक्क आपण होऊन सोडून देणे आहे. पण घटनेच्या ३४८ व्या कलमाने सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत ठेवले आहे, कंपन्यांची मुख्य कार्यालये इंग्रजीतच लिहितात आणि केंद्र सरकारच्या खात्यांशीही पुष्कळदा त्याच भाषेत झगडावे लागते. तेथे लिहिण्याइतकेच, किंबहुना त्याहून अधिक, वाचण्याचे काम असते. आणि काळाचे खरे राजकारण तेथेच दिसते. व्यवस्थापनाचे उत्तर येते: मागणी ‘इज बीइंग कन्सिडर्ड’. म्हणजे विचार चालू आहे, पाठपुरावा करण्यास जागा आहे. ‘विल बी कन्सिडर्ड’ असेल तर विचार अजून सुरूही झालेला नाही. केव्हा सुरू होईल याची तारीख मागितली पाहिजे. ‘हॅज बीन कन्सिडर्ड’ असे लिहिलेले असेल आणि पुढे निर्णयाचा एक शब्दही नसेल, तर प्रकरण मिटवून टाकल्याची ती सभ्य सूचना आहे. ‘वुड हॅव बीन कन्सिडर्ड’ म्हणजे विचार झाला असता, अर्थात झाला नाही, आणि त्याचे खापर पुढच्या वाक्यात अर्जदारावरच फोडलेले सापडते. हीच चार पत्रे घाईने मराठीत सांगितली जातात तेव्हा चारही वेळा सभेला ‘साहेब विचार करणार आहेत’ असे कळते आणि टाळ्या पडतात.

संघटनांच्या कपाटांत अशा पत्रांच्या फायली धूळ खात पडलेल्या आहेत. अभ्यासमंडळासाठी निराळे पाठ्यपुस्तक विकत आणण्याची आवश्यकता नाही. एखाद्या जुन्या लढ्याची फाईल काढावी, व्यवस्थापनाच्या प्रत्येक पत्रातील क्रियापदाखाली रेघ ओढावी, शेजारी त्याचे नेमके मराठी लिहावे आणि त्या पत्रानंतर प्रत्यक्षात काय घडले हे ज्या जुन्या सभासदांना आठवते त्यांना शेजारी बसवून विचारावे. दीड-दोनशे अनियमित क्रियापदे आहेत, त्यांतली कचेरीच्या पत्रांत येणारी फार तर तीस-चाळीस निघतील. तेवढी भिंतीवर टांगली तरी पुढचा अर्ज पुतण्याच्या हाती द्यावा लागणार नाही.